वकिलावर माझी नजर

३ जानेवारी, सकाळ
या वर्षी डोळे उघडे ठेवायचे, कोणावर विश्वास टाकायचा नाही.
चुलत दीर शहादेव याने त्याच्या रानातून आमच्या रानात जाणारी गाडीवाट तारेचं कुंपण घालून बंद केली. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ह्यांची माती त्याच रानात झाली. आता मला ओढ्यातून वळसा घालून जावं लागतं, गुडघे साथ देत नाहीत. बीडच्या कोर्टात दावा लावला आहे. वकील आदिनाथराव. त्यांच्या ऑफिसची पाटी एवढीशी. ना फोटो, ना लाइट. चालणारा वकील अशी पाटी लावेल का?

८ जानेवारी
आज तारीख होती, पुढची तारीख मिळाली. पण बाहेर काय पाहिलं! आमचे आदिनाथराव आणि शहादेवच्या वकीलबाई तेजश्री एकाच बाकावर चहा पीत होते. आत एकमेकांना खोटं पाडत होते, बाहेर हसत होते. बाईंनी बिस्किटाचा पुडा पुढे केला, यांनी दोन घेतली.
विचारलं तर म्हणाले, मावशी, भांडण तुमचं हाय, आमचं न्हाई.
म्हणजे कबूलच केलं.

९ जानेवारी
वाचनालयातून वकिलांच्या नियमांचं पुस्तक आणलं. शाळा चौथीपर्यंतच. पण ह्यांना दिसेनासं झालं तेव्हापासून पेपर मी वाचून दाखवायची, त्यातून वाचनाची गोडी लागली. अजून मोठ्यानेच वाचते. घरात कोणी नसलं तरी.
नियम असा की वकिलाने जाहिरात करू नये. म्हणून पाटी लहान. ठीक. पण नियम इतका तंतोतंत पाळणारा माणूस काहीतरी झाकत असतो.
दुसरा नियम: समोरच्या वकिलाशी सौजन्याने वागावे. म्हणजे संगनमताला सरकारी परवानगी!
बार कौन्सिलकडे तक्रार लिहायला घेतली. सुरुवात झकास झाली. पुराव्याच्या जागेवर बिस्किटं लिहिली आणि खोडली.

१४ जानेवारी, संक्रांत
शहादेवच्या बायकोने, केशरबाईने, तिळगूळ पाठवला. आधी कोंबडीला टाकला. कोंबडी ठीक आहे. तरी खाल्ला नाही.
दुपारी आदिनाथरावांचा फोन. शहादेव तडजोडीला तयार आहे, लोकअदालतीत वाट कायमची लेखी लिहून देतो म्हणतो. मावशी, मिटवून टाका, निरोप सांगणं माझं काम, ठरवणं तुमचं.
आपण होऊन वाट कोण देतं? जो घाबरला तो. आणि घाबरलेल्याला सोडा असं आपलाच वकील सांगतो! नाही म्हणून सांगितलं.
संध्याकाळी: तिळगूळ खाल्ला. गूळ चांगला होता.

२१ जानेवारी
साक्षीदार मीच शोधला. सटवा. या वाटेने तीस वर्षं बैलगाडी जाताना पाहिली असं सांगायला तयार आहे. गावात येऊन त्याला आठच वर्षं झाली, पण आवाज खणखणीत आहे.
आदिनाथराव म्हणाले, खोटा साक्षीदार मी उभा करणार न्हाई. मावशी, तुमी स्वतः पिंजऱ्यात उभं राहा. चाळीस वर्षं तुमीच त्या गाडीत बसलात ना?
मला उभं करून त्या बाईच्या तोंडी द्यायचं! डाव कळला.

२४ जानेवारी
थेट तेजश्रीबाईंच्या ऑफिसात गेले. गोड बोलून माहिती काढायचा बेत होता. दारातच हात जोडले त्यांनी. काकू, तुमच्या वकिलाला सोडून मी तुमच्याशी केसबद्दल एक शब्द बोलू शकत नाही, नियम आहे. पाणी घ्या आणि या.
एक शब्दसुद्धा नाही! दोघांना एकाच ठिकाणी पढवलेलं दिसतं.
पाणी प्यायले नाही.

२८ जानेवारी
वकील बदलला. नवे अमरसिंह. पाटी रस्त्यावरून वाचता येते. मोबाइलच्या स्टेटसवर हार घातलेले फोटो. म्हणाले, आजी, शंभर टक्के आपलाच निकाल, साक्षीदार कसाबी असू द्या.
जुन्या वकिलाची ना-हरकत लागते म्हणून आदिनाथरावांकडे गेले. वाटलं अडवतील, भांडतील. त्यांनी जागेवर सही केली. फाइल नीट बांधून दिली, वर म्हणाले, मावशी, ओढ्यातून एकट्या जाऊ नका.
इतक्या आनंदाने कोणी अशील सोडतं का? सुटका झाली त्यांची. संशय पक्का.

११ फेब्रुवारी
सटवाला रोज शिकवते आहे. गाडी, वाट, तीस वर्षं. म्हणतो, वहिनी, लई सोपं हाय, काळजी कावून करता? त्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं.
अमरसिंहांना विचारलं, मीही साक्ष देऊ का? म्हणाले, गरज न्हाई, घरीच बसा.
हे खरे वकील. बाईमाणसाला त्रास देत नाहीत.

१८ फेब्रुवारी, रात्री
सटवा पिंजऱ्यात उत्तम बोलला. गाडी, वाट, तीस वर्षं.
मग तेजश्रीबाई उठल्या. आवाज न चढवता विचारलं, बैल कोणत्या रंगाचे होते?
हे मी शिकवलं नव्हतं.
सटवाने मान वळवली आणि भर कोर्टात मला विचारलं, वहिनी, कोणत्या रंगाचे?
मी बाकावरून उठलेच. म्हणाले, एक पांढरा, एक बांडा, बांड्याच्या डाव्या शिंगाला चीर होती, हे त्याला आधी पाणी पाजायचे.
कोर्टात कोणी हसलं नाही. जजसाहेब म्हणाले, बाई, हे तुम्ही शपथेवर सांगायला हवं होतं. अमरसिंहांनी तोवर आमचा पुरावा संपला असं लिहून दिलेलं होतं.
सटवा बाहेर म्हणाला, बाकी झकास झालं ना?

२० फेब्रुवारी
अमरसिंहांचा फोन बंद.

२१ फेब्रुवारी
बंद.

१२ मार्च
निकाल. दावा नामंजूर. एकच साक्षीदार, तोही पढवलेला.
आदिनाथरावांकडे गेले. आत घेतलं, खुर्ची दिली. अपील होतं, मुदत आहे, म्हणाले. पण वकीलपत्र दुसऱ्याचं आहे, आधी त्यांची ना-हरकत आणा. फोन लागत नाही म्हटलं, तर म्हणाले, कोर्टाची परवानगी मागू, मग बघू. रागावले कसे नाहीत याचा विचार करते आहे.

१४ मार्च
केशरबाई आली. म्हणाली, लेखी आता काही मिळायचं न्हाई, ते नाराज हायेत. पण पायी जायचं तर जा. फक्त विचारून जा.
विचारून! माझ्याच रानात जायला!
जाणार नाही म्हणून सांगितलं.

१७ मार्च, संध्याकाळ
गेले. कुंपणाशी थांबले. शहादेव पाणी देत होता. मी म्हणाले, भावजी, जाऊ का? तो वर न बघता म्हणाला, जा वहिनी.
तार त्याने स्वतः पायाने दाबून धरली. पदर अडकला नाही.
ह्यांच्या जागेवर बसले. पेपर नेला होता, पहिलं पान वाचून दाखवलं. निकालाचं काही सांगितलं नाही.
परत येताना विचारायचं राहिलं. शहादेव तिथेच होता. त्याने पुन्हा तार दाबून धरली, बोलला काही नाही.
का बोलला नाही, ते शोधून काढलं पाहिजे. उद्या पुन्हा जाऊन बघते.