सोमीबाई, ती तुंबडी नव्हती

कल्याण

प्रिय सोमीबाई,

काल तुझी नात पारी दवाखान्यात आली आणि म्हणाली, "आजी गेली. महिना झाला." महिना! मोहन्यापलीकडची तुमची कातकरी वाडी इथून अशी किती लांब? निरोप धाडला असतास तर मी आले नसते का? पण तू निरोप धाडणारी नव्हेसच. काही सांगायचं असलं की स्वतः चालत यायचीस.

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. कारण पारी गेल्यावर तासाभरात टपालाने मुंबईच्या त्या डॉक्टरांचं पत्र आलं. तेच, काचेच्या नळ्या घेऊन आलेले. त्यांना पुन्हा तुमच्या वाडीवर यायचंय. 'मागच्याप्रमाणेच व्यवस्था करावी,' असं लिहिलंय. मागच्याप्रमाणे! आठ वर्षांपूर्वीचं ते मागचं मी तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलू?

तेव्हा मी नर्स म्हणून इथे नुकतीच बदलून आले होते. वाडीला देवीची लस टोचली होती, त्यामुळे माणसं मला ओळखायला लागली होती. निरनिराळ्या जमातींच्या रक्तात काय फरक असतो, ते डॉक्टरांना पाहायचं होतं. लोकांना काय सांगू, असं मी विचारलं तर म्हणाले, "काहीही सांगा, सिस्टर. तुमचं ऐकतात ना!"

आणि मी सांगितलं, "तुंबडीसारखंच समजा." ताप आला, अंग दुखलं की तुमच्याकडे शिंगाची तुंबडी लावून वाईट रक्त ओढून काढतात, हे मला ठाऊक होतं. केवढं कौतुक वाटलं मला माझ्या हुशारीचं! सगळी वाडी दंड पुढे करून रांगेत बसली. लहानगी पारीसुद्धा. तिच्या अंगात कणकण होती, माझ्या हाताला कळली होती. म्हटलं, नंतर बघू.

चौथ्या दिवशी पारीला पाठीशी बांधून तू दवाखान्याच्या पायरीवर उभी. पोर तापाने फणफणलेली, मान टाकलेली. "इतके दिवस काय करत होतात?" मी तुझ्यावरच ओरडले. तू शांतपणे म्हणालीस, "तूच तुंबडी लावलीस ना बाय? वाईट रगत गेला, आता ताप उतरंल म्हणून बसलो."

हिवताप होता. औषध लागू पडलं, पोर वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पेज मागितली, तेव्हा तू मला विचारलंस.

"त्या नळीतला रगत कुठं गेला?"

"मुंबईला."

"कशाला?"

"तपासून बघायला."

"म्हंजे ती तुंबडी नव्हती?"

"नव्हती."

"मंग आमाला त्याचा गुण काय?"

"काही नाही, सोमीबाई."

वाटलं, आता शिव्या देशील. तू पदर खोचलास. "चल वाडीवर. ज्या तोंडानं तुंबडी बोललीस, त्याच तोंडानं सांग."

मी आले. सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. मग म्हातारा काळू म्हणाला, "आन् माझी कंबर मंग बरी कशी झाली?" मागून एक बाई ओरडली, "काम नसला की तुझी कंबर बरीच असते!" सगळे हसले. मीही हसणार होते. तू हसली नाहीस. "पारी मेली असती तर?" एवढंच म्हणालीस.

त्या पावसाळ्यात वाडीतलं कुणी दवाखान्यात आलं नाही. मी गोळ्या घेऊन आले की माणसं नदीकडे निघून जायची. आणि तू? दर बाजाराच्या दिवशी यायचीस, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचीस. "काय होतंय?" मी विचारायची. "काय नाय. बसले. लोकांना दिसू दे." भातकापणीच्या सुमारास दोन बाया आल्या, मग आणखी आल्या. मला सोडून द्यायला तुला कारणं कमी नव्हती! तरी आपली सगळी पत माझ्या पाठीशी उभी केलीस. तेव्हा साधं 'बरं झालं' म्हणायलाही जीभ वळली नाही. आज म्हणते. सोमीबाई, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

आता चाळिशी उलटली तरी एक प्रश्न पिच्छा सोडत नाही. इथे कल्याणात पारनाक्यावरच्या आमच्या शेजारणींना मी तुंबडी म्हणाले असते का? तिथे डॉक्टर आधी घरच्यांशी बोलले असते, चहा झाला असता, आणि कुणी नको म्हटलं असतं तर विषय संपला असता. तुम्हाला नको म्हणायला आम्ही जागाच ठेवली नाही. डॉक्टर दुष्ट नव्हते गं. त्या रक्तातून उद्या कुणाचं दुखणं कळेलही, कदाचित तुमच्याच लेकरांचं. मग खरं सांगायला काय झालं होतं मला?

तू एकच मागितलं होतंस. "आमच्या रगतात त्याला काय दिसला, ते येऊन सांगू दे." मी तीन पत्रं घातली. उत्तर नाही. आलं ते हे, पुन्हा मागणारं. तेही आमच्या जिल्ह्याच्या साहेबांमार्फत; वर त्यांचा शेरा आहे, 'सहकार्य करावे.'

बुधवारी मी वाडीवर जाते आहे. पत्रातला शब्द न् शब्द सांगीन. यात औषध नाही, देणाऱ्याला गुण नाही, आणि नको म्हणणाऱ्यालाही गोळ्या तितक्याच मिळतील. मागच्या वेळी काय दिसलं ते डॉक्टरांनी आधी येऊन सांगावं, असंही त्यांना लिहीन. वाडी नाही म्हणाली तर साहेबांना 'नाही' एवढंच कळवीन. 'समजूत घालते आहे' असं पुढे जोडणार नाही. बदली केली तर करोत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण या वेळी खरं काय ते विचारायला आजारी पोर पाठीशी बांधून कुणाला कल्याणपर्यंत चालत यावं लागणार नाही, हा माझा तुला शब्द.

तुझी,
कमल