केबल काढू नकोस

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जागच्या जागी आहोत. ताईचा फोन बिघडला की काय, असं तुला वाटलं असेल. फोन धड आहे, माझ्याच अंगात त्राण उरलेलं नाही. भर दुपारी ऑफिसच्या मागच्या खोलीत बसलेय. समोर स्क्रीनवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकतेय आणि ती भरेपर्यंत मला इथून हलता येत नाही. असा निवांत वेळ घरी मिळत नाही, म्हणून शूटिंगच्या जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत सुटलेय. अक्षराला हसलास तर बघ.

मी नेमकं काय काम करते ते तुला कधी कळलं नाही, आणि तू कधी विचारलंही नाहीस. ओळखीच्यांना तू खुशाल सांगतोस, आमची ताई सिनेमात आहे. मी सिनेमात नाही रे, सिनेमाच्या हमालीत आहे. कॅमेऱ्यातली कार्डं भरून येतात, ती मी ड्राइव्हवर उतरवते, दोन्हीकडचं सगळं जुळतंय ना ते बघते आणि मगच कार्ड पुसायला देते. तोवर कुणी कितीही डोकं खाल्लं तरी देत नाही. त्यावरून युनिटमधले मला खुडूक कोंबडी म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या आठवड्यात काय झालं ते ऐक. होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराची मुलाखत होती, सकाळभर चाललेली. फाइल केवढी झाली असेल, कल्पना कर. मी ती कॉपीला लावली आणि बाबांना घेऊन हॉस्पिटलात गेले. त्यांचे रिपोर्ट त्या दिवशी मिळायचे होते. आमच्या कॅमेरामनला सांगितलं, जरा लक्ष ठेव. त्याला आम्ही घाईमास्तर म्हणतो, यावरून काय ते ओळख. सुरुवातीला पट्टी अशी सुसाट धावली की स्क्रीनवर आलं, चहा होईपर्यंत संपेल. त्यावर विसंबून मॅनेजरने गाडीसुद्धा बोलावली. आमच्या धंद्यात सगळे इथेच फसतात, पहिल्या मिनिटाचा वेग धरून पुढचा सगळा हिशेब मांडतात. अर्ध्यावर वेग जो कोसळला, तो पट्टी हलतेय की नाही तेच कळेना. घाईमास्तरला वाटलं, मशीन अडकलं. त्याने थोडा वेळ बोटं मोडली, दोन शिव्या हासडल्या आणि केबल उपसून काढली. मी परतले तेव्हा स्वारी कार्ड पुसायलाच निघाली होती. ते हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. ड्राइव्हवरची फाइल लावून बघितली, तर म्हातारा हात वर करतो, काहीतरी सांगायला तोंड उघडतो, आणि पुढे काही नाही.

सगळ्यांचं एकच, ड्राइव्ह खराब आहे, फेकून द्या. खराब काही नव्हता रे. घर बदलताना आपण काय करतो? सामान आलं की आधी सगळं भराभर बाहेरच्या खोलीत टाकतो. मग सवडीने एकेक वस्तू आतल्या कपाटांत लावतो. ड्राइव्ह तेच करतो. त्याच्या पोटात असंख्य बारीक कप्पे असतात. एका कप्प्यात एकच गोष्ट टाकायची तर काम झटपट होतं, त्याच कप्प्यात तीन-चार नीट बसवायच्या तर वेळ लागतो. म्हणून तो थोडे कप्पे बाहेरच्या खोलीसारखे मोकळे ठेवतो, आलेलं आधी तिथे पटापट घेतो आणि काम नसेल तेव्हा आत रचतो. छोटी फाइल असली तर तुला वाटतं, काय चलाख ड्राइव्ह आहे! पण एकदम ट्रकभर सामान आलं की बाहेरची खोली भरते. मग आतलं रचून होईल तेवढंच बाहेरून घेता येतं. ड्राइव्ह आधीच भरत आला असेल तर ती खोलीही लहान झालेली असते. वर तो तापला, तर जळू नये म्हणून आपणहून आणखी सावकाश चालतो. पण थांबलेला नसतो. त्याला तेवढा वेळ द्यायचा असतो, बाकी काही नाही.

हे सगळं घाईमास्तरला समजावता समजावता मला तू आठवलास, आणि खरं सांगते, तुझा भयंकर राग आला.

तू दर रविवारी बाबांना फोन करतोस, नाही असं मी म्हणत नाही. आणि दर वेळी नंतर मला सांगतोस, आवाज तर ठणठणीत आहे, तू उगाच घाबरतेस. तो ठणठणीत कशाने असतो, माहितेय? बाबा शनिवारी दिवसभर बोलत नाहीत. सकाळी उठल्यापासून मौन. चहा हवा असेल तर कप पुढे करतात, पंखा नको असेल तर बोट वर करतात. शेजारचे काका गप्पा मारायला आले, तर झोपल्याचं सोंग घेतात. आधी मला वाटलं माझ्यावर रुसले. मग लक्षात आलं, रविवारसाठी आवाज राखून ठेवताहेत. म्हणून पहिली काही वाक्यं तुला खणखणीत ऐकू येतात. त्यानंतर घसा भरून येतो, आवाज फाटतो, शब्द अडतो. ते घोटभर पाणी पितात, श्वास घेतात, पुढचा शब्द जुळवतात. आणि नेमका तेवढ्यात तू म्हणतोस, बरं बाबा, आराम करा, पुढच्या रविवारी बोलू.

तुझा हेतू वाईट नसतो, कळतं मला. तुला वाटतं, दमले. पण ते दमलेले नसतात रे, बोलत असतात.

गेले कितीतरी रविवार ते तुला एकच गोष्ट सांगू बघताहेत. तू लहानपणी लिफ्टमध्ये अडकलास ती. आता बाबांचं पाल्हाळ तुला ठाऊक आहे. साबण आणायला गेलेला माणूस दुकानदाराच्या आजोबांपासून सुरू करतो. तसंच इथेही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे आधी त्या इमारतीची मोटर, मग तिचा जुना दोर, मग बदली आलेला आळशी मदतनीस, आणि मग कुठे तू दोन मजल्यांच्या मधे अडकतोस. तिथवर यायला आवाज संपतो. तू म्हणतोस, माहितेय बाबा, तुम्ही वरून दार उघडून मला काढलंत. ते मान हलवतात. फोनवर मान दिसत नाही, पण ती नाही म्हणून हलते. पुढे काहीतरी आहे. मी विचारलं, मला सांगा, मी कळवते त्याला. म्हणाले, ते त्याचं आहे, त्यालाच सांगीन. फोन बंद झाल्यावर ते तो तसाच हातात धरून बसतात. मी काढून घेतला तर देतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. मला अशा वेळी कुठेतरी निघून जावंसं वाटतं, खरंच.

मी काही फार मोठी शहाणी नाही. सकाळी डब्याच्या गडबडीत मीही त्यांची वाक्यं परस्पर पुरी करून टाकते. ते म्हणतात, मला आज, आणि मी म्हणते, भात नको, कळलं. त्यांना भलतंच काही हवं असतं. मग ते भात नको यावरच समाधान मानतात. काल त्यांनी चष्मा पुसत मला खुणेने बसवलं आणि एक वाक्य बोलायला इतका वेळ घेतला की दूध उतू गेलं. वाक्य होतं, तू दमतेस, मला दिसतं. मी ओटा पुसायच्या निमित्ताने आत गेले आणि तिथेच रडले. खूप दमलेय रे. घर, हॉस्पिटल, हे काम, सगळ्यांनी नाकी नऊ आणलेत. पण या पत्राचं कारण ते नाही.

कारण आता सांगते. बाबांनी मला बजावलंय, त्याला काही कळवू नकोस. घरून फोनवर बोलले तर पलीकडच्या खोलीतून त्यांना सगळं ऐकू येतं, आणि इथून बोलायला गेले तर मला रडूच फुटेल, म्हणून हा कागद. घशाला सूज आहे, असं मी तुला सांगत आले. सूज नाही. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये स्वरयंत्रात गाठ निघाली, आणि ती वाईट आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत काढली तर जीव वाचण्याची आशा चांगली आहे, पण स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल. पुढे शिकून, एखादं यंत्र लावून काही शब्द काढता येतात म्हणे. पण तो आवाज आपल्या बाबांचा नसेल. धाकट्या, हे वाचून फोन करू नकोस. सुट्टी काढ आणि ये. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस. सुरुवातीचा आवाज ऐकून फसू नकोस. मग तो घसरेल, थांबेल, ते भिंतीकडे बघत बसतील. तेव्हा उठू नकोस, वाक्य पुरं करू नकोस, आराम करा म्हणू नकोस. त्यांचं सांगून होईपर्यंत बस, मग दिवस मावळला तरी चालेल. ऑपरेशनचा दिवस ठरला, तेव्हा मला वाटलं बाबा दुखण्याबद्दल, खर्चाबद्दल काही विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, तोपर्यंत रविवार किती येतात. डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर बघून सांगितलं, तीन. त्यातला एक काल गेला.

वाट बघणारी,
तुझीच ताई