भिंतीवरचा पट्टा

३ मार्च
स्वयंपाकघराचं जुनं दार बुजवलं! नवं आता बैठकीच्या बाजूने. आई किती वेळा म्हणाली, "दार तिथंच राहू दे गं." दादाने ऐकलं नाही. मीही नाही. मी सुट्टी काढून आलेय ती कामं उरकायला, तिचे हट्ट पुरवायला नाही. घरभर सिमेंटची धूळ, चहातसुद्धा कचकच.

दादा जाताना हळूच म्हणाला, "हिला एकटीला जमत नसेल तर माझ्याकडे नेतो. घर विकून टाकू." भिंतीला कान असतात म्हणे. आमच्याकडे आईला आहेत. जेवली नाही.

६ मार्च
पॅसेजच्या भिंतीवर बाबांच्या हाताचा काळपट पट्टा होता. गुडघे गेल्यापासून ते भिंत धरूनच चालायचे. आज रंगाऱ्याने त्यावर पांढऱ्याचा हात मारला. बाबा दुसऱ्यांदा गेले! मी ढसाढसा रडले. रंगारी बिचारा ब्रश धरून उभा — "ताई, रंग चुकला का?"

९ मार्च
पट्टा परत आला!! फिकट आहे, पण आहे. रंगारी म्हणतो, जुना तेलकटपणा वर येतो. असेल. पण जरा खाली सरकलाय — की मलाच तसं वाटतंय?

१० मार्च
दुपारी कपड्यांच्या घड्या घालत होते. पॅसेजमधून आवाज — भिंतीवरून तळवा घासत नेल्याचा. सर्रर्र. थांबला. पुन्हा सर्रर्र. बाबा असेच चालायचे. भुताखेतांना हसणारी मी, पण अंगावर सरसरून काटा आला. उठून बघायची छाती झाली नाही.

आईला सांगितलं. ती घाबरली नाही, हसलीही नाही. "असतील तेच. पट्टा राहू दे, पुसू नकोस."

१२ मार्च
आई बुजवलेल्या दारासमोर उभी. हातात रिकामा कप, नाक भिंतीला टेकेल इतकी जवळ.
"काय झालं गं?"
"काही नाही. ते इथूनच यायचे ना..."

दादाला फोन केला. तो म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. परवा न्यायला येतो." फोन केला नसता तर बरं झालं असतं. आईला अजून सांगितलेलं नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

१३ मार्च
बुजवलेल्या दाराच्या कोऱ्या गिलाव्यावरही पट्टा! ही भिंत बाबांच्या हयातीत नव्हतीच. माझी दातखीळ बसायची वेळ आली.

मग जवळ जाऊन उभी राहिले. बाबा ताडमाड उंच, त्यांचा पट्टा माझ्या खांद्याशी असायचा. हा कमरेशी आहे.

१४ मार्च, सकाळी
आईला त्या भिंतीपाशी नेलं. विचारलं, "रंग आवडला का?"
"छान आहे गं. पांढराच शोभतो."
भिंतीला अजून रंग लागलेलाच नाही.
मी तिचा हात धरला. तळवा खरखरीत, सिमेंटने भरलेला. तिने तो सोडवून पदराला पुसला. मग म्हणाली, "दादाला सांगू नकोस. दिसत नसलं तरी मला घर पाठ होतं."
गवंड्याला बोलावलंय. दादा पोचायच्या आत दार होतं तिथं फोडायचं.