रंगेवारांचा पत्ता कळवणे

पूर्णा,
शुक्रवार, ११ फेब्रुवारी १९९४

राजमान्य राजश्री बन्सीधरराव यांसी रंगनाथचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण तू पाठवलेलं कॉम्प्युटरचं धूड खाली सतरंजीवर मांडून ठेवलंय, पाय पसरायला जागा नाही.)

तुझी कंबर आता कशी आहे? अनसूयावहिनींचा दमा थंडीत फार वर येतो, तो यंदा बरा असावा. तब्येतीचं अजिबात विचारायचं नाही असं ठरवूनच ब्रेलची पाटी पुढे ओढली होती, पण आईनं लावलेली सवय सुटत नाही. इकडे पद्मजा आणि मी मजेत आहोत. शाळेत गाण्याचे तास चालू आहेत. मुलांचे गळे अजून फुटायचेत आणि माझा संयम फुटून गेलाय.

आता मुद्द्याचं. हे पत्र ब्रेलमध्ये आहे, म्हणजे पद्मजाला वाचता येणार नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो. बन्सी, मी तुझ्यावर जळतो. आजकालचं नाही, अंधशाळेत आपले पलंग शेजारी लागले तेव्हापासून जळतो. तुला पितळी पाटी मिळाली, मला तुझी जुनी लाकडी. तू नवी काठी घेतलीस, जुनी माझ्याकडे आली (तुझ्या उंचीची, मी ती बारा वर्षं भाल्यासारखी धरून हिंडलो). तुला पुण्यात बँकेत टेलिफोनची नोकरी लागली आणि तुझी हार्मोनियम माझ्या गळ्यात पडली. फार कशाला, पद्मजाचं स्थळसुद्धा आधी तुलाच सांगून आलं होतं. तू पुण्याची मुलगी हवी म्हणून नकार दिलास आणि ते लोक वाटेत उतरल्यासारखे आमच्याकडे आले. अठरा वर्षांच्या संसारात तिनं ही गोष्ट एकदाही काढली नाही. मीच दर महिन्याला काढतो.

त्यात आता हा कॉम्प्युटर. तुला त्या परदेशी संस्थेनं नवा दिला, म्हणून जुना मला. तुझं मन मोठं, हे मला मान्य आहे, आणि त्याचाच तर त्रास आहे. स्टेशनवरून हातगाड्यावर तो घरी आला त्या दिवशी गल्लीतली निम्मी माणसं ओट्यावर जमली. तुझ्या कॅसेटवर सांगितल्याप्रमाणे मी तारा जोडल्या, बटन दाबलं, आणि पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवणारी ती बोलकी पेटी सर्दी झालेल्या साहेबासारखी म्हणाली, ‘गुड मॉर्निंग बन्सीधर.’ संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज तेच. माझ्या घरात, माझ्या विजेवर, माझ्या हातानं बटन दाबायचं आणि तुझं नाव ऐकायचं. पद्मजाला त्याची इतकी सवय झाली की ती आतून विचारायची, ‘भावजी उठले का हो?’ शेजारच्या बायनाबाई तर यंत्रालाच बन्सीधर म्हणायला लागल्या. ‘तुमच्या बन्सीधरवर धूळ बसायलीय बगा,’ म्हणाल्या एकदा.

तरी मी सोसलं. कारण, खरं सांगतो, पहिले पंधरा दिवस मी सुखात होतो. आजवर मला आलेला प्रत्येक कागद आधी दुसऱ्याच्या तोंडातून गेलाय. आता निदान इंग्रजी तरी मी एकटा ऐकू शकत होतो. कोणी घसा खाकरत नव्हतं, कोणी अवघड मजकूर गाळत नव्हतं. मी त्यातली तुझी राहिलेली एकेक फाइल काढून ऐकायचो. (चोरून नाही. तूच म्हणाला होतास, नको ते पुसून टाक. ऐकल्याशिवाय नको ते कोणतं हे कसं कळणार?)

आणि मंगळवारी ती फाइल सापडली. नाव ‘मॅन’. म्हटलं, माणसाविषयी काहीतरी आहे. उघडली, तर पेटी म्हणाली, ‘माय रंगेवार जॉल्टो.’ पुन्हा लावली. पुन्हा तेच. माय रंगेवार.

बन्सी, हा रंगेवार कोण? जॉल्टो हे त्याचं पाळण्यातलं नाव की नोकरीतलं, ते मला ठाऊक नाही. आडनावावरून आपल्याच बाजूचा दिसतो, नांदेडकडचा, म्हणजे तुला पुण्यात आपल्या बोलीत बोलायला माणूस मिळाला. त्याबद्दल अभिनंदन. पण ‘माय’? शाळेत तू सगळ्यांना सांगायचास, हा माझा रंगा. नव्या मुलांना, बावर्च्याला, सगळ्यांना. पाटी, काठी, हार्मोनियम, सगळं तुझं जुनं मी घेतलं, कारण तो ‘माझा’ तेवढा नवा कोरा होता आणि तो माझ्याकडे होता. आता तो रंगेवारला गेला. पुढची ओळ ऐकायला मी थांबलो नाही. ताडकन बटन बंद केलं आणि जेवलो नाही. (वांग्याचं भरीत होतं.)

बुधवारी ठरवलं, या यंत्रातून तू आणि तुझा रंगेवार दोघंही बाहेर. उद्यापासून ते माझं नाव घेईल. तुझ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तू सांगितलं होतंस की अमुक आज्ञा चुकूनही द्यायची नाही, तिनं सगळं साफ होतं. म्हणजे आज्ञा मला तूच शिकवलीस, हे लक्षात ठेव. मी ती शांतपणे टंकली. पेटी इंग्रजीत म्हणाली, सावधान, सगळं जाईल. मग पुढे जायचं का असं काहीतरी विचारलं आणि शेवटी म्हणाली, ‘व्हाय’, आणि मागून नाकात काहीतरी गुणगुणली.

आता मला सांग, कोणी ‘का?’ म्हणून विचारलं तर आपल्याकडे माणूस उत्तर देतो की नाही? मला तर उलट बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्या यंत्रानं पहिल्यांदा माझी विचारपूस केली होती. मी मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत, सविस्तर कारण लिहिलं: ‘या यंत्रात परक्यांची नावं आहेत म्हणून.’ आणि एन्टर दाबलं. पेटी बराच वेळ आकडे मोजत बसली. मला वाटलं, विचार करतेय. शेवटी गप्प झाली. मी बटन बंद करून पुन्हा लावलं, आणि तेव्हापासून ती जी गप्प आहे ती आजतागायत.

काल परभणीहून दिनकरराव आले. त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे आणि नुकताच एक कॉम्प्युटरही घेतलाय. विद्यापीठाचं नवं नाव घातलेले अर्ज टंकायची त्यांच्याकडे गर्दी, तरी आले बिचारे. पडदा वाचून त्यांनी मला सगळी हकीकत विचारली आणि मग इतके हसले की पद्मजानं पाणी आणून दिलं. म्हणाले, ‘मास्तर, ते व्हाय न्हाई, वाय हाय. वाय म्हंजे हो, एन म्हंजे न्हाई. तुमी “या” लिवलं, त्याला पयलं अक्षर वाय दिसलं, त्यानं होकार धरला.’ बोलायची अक्कलही मी पुसलेल्या तबकडीवरच होती, तीही गेली. यंत्र आता धडधाकट आहे, फक्त मुकं आहे. एक आंधळा आणि एक मुकं, असे आम्ही दोघं सतरंजीवर समोरासमोर बसतो. पद्मजानं पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोललाय, यंत्राला वाचा फुटू दे म्हणून. पुजाऱ्याला तिनं काय सांगितलं असेल देव जाणे.

तर झालं ते असं. मी तुझ्याकडे काही मागत नाही. एवढंच, की त्या रंगेवारांचा पत्ता कळव. मला त्यांना दोन शब्द लिहायचे आहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा (हा शब्द अजून चालत असेल तर),
रंगनाथ

ता. क. मागत नाही म्हणालो, पण बोलक्या पेटीच्या फ्लॉप्या तुझ्याकडे असतीलच. येणाऱ्या माणसाबरोबर पाठव. टपालानं नको, वाकतात.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात पद्मजानं विचारलं, कुणाला एवढं लांबलचक? मी म्हटलं, बन्सीला, त्याच्या रंगेवाराबद्दल. कोण रंगेवार म्हणाली. मी सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, ‘आवो, मी दारातून पडदा बगितला की. भावजींनी इंग्रजी अक्षरात मराठीच लिवलं व्हतं. “मी रंगावर जळतो.” तेवढी एकच ओळ वाचली आन् तुमी बटन बंद केलं. मला वाटलं, तुमाला समजलं म्हणून तुमी जेवला न्हाई.’

बन्सी, म्हणजे ती फाइल ‘मॅन’ नव्हती, ‘मन’ होती. आणि मी ती पुसली.

ब्रेलमध्ये वर लिहिलेलं खोडता येत नाही, ठिपके बोटानं दाबत बसलो तर रविवार उजाडेल. तेव्हा वरचं सगळं वाच आणि सोडून दे. फ्लॉप्यांची घाई नाही. यंत्र बोलायला लागलं की ते ‘गुड मॉर्निंग बन्सीधर’च म्हणू दे, पद्मजाला चुकल्यासारखं होतं.

मात्र एक काम ताबडतोब कर. माझ्यावर तू कशाकशासाठी जळतोस ते आठवून पुन्हा लिही, आणि ब्रेलमध्ये लिही, म्हणजे मला एकट्याला वाचता येईल. सुरुवातीपासून लिही, काही गाळू नकोस. अंधांच्या टपालाला तिकीट लागत नाही, तेव्हा कागदाला मागेपुढे पाहू नकोस.