आधी खोकं, मग मशीन

२ जुलै १९९५, रविवार
उभ्या घड्याळाचं खोकं तयार. अस्सल सागवान, माझ्या स्वतःच्या हातचं. उंची माझ्याहून वीतभर जास्त. दार जरा ओढून लावावं लागतं, पण पावसाळ्यात लाकूड फुगतंच. आता आत फक्त मशीन बसवायचं. किरकोळ काम.
जयवंता म्हणाली, आधी खोकं आणि मग मशीन म्हणजे चप्पल आणून पाय शोधण्यातला प्रकार. नवऱ्याचं कौतुक करायची आमच्या घरात पद्धत नाही.
२० ऑगस्टला माझ्या वडिलांना, आबांना, पंचाहत्तर पूर्ण होतात. त्यांच्याच हस्ते उद्घाटन. ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं.

६ जुलै
शेजारचा हेमंत, पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत. म्हणाला, काका, आता देश खुला झालाय, जर्मन मशीन मागवा. नाहीतर सरळ क्वार्ट्झ बसवा, एक सेल टाकला की वर्षभर बघायला नको. सेल! टॉर्चमध्ये घालतात तो! तत्त्वात बसत नाही. जर्मन कॅटलॉग आणवला.

१० जुलै
कॅटलॉगमधल्या मापाचा पुठ्ठ्याचा लंबक करून खोक्यात हलवून पाहिला. दोन्ही बाजूंना आपटतो. जर्मन लोकांनी हिंदुस्थानी खोक्यांचा विचारच केलेला नाही.

१३ जुलै, गुरुवार
जुन्या सामानाच्या जुमेरात बाजारातून एक मशीन आणलं. विकणारा म्हणाला, चलता साहब, मगर अपनी मर्जी से चलता. संध्याकाळभर वाट पाहिली. मर्जी झाली नाही.

१६ जुलै, रविवार
उत्तर घरातच होतं! आबांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ. रविवारी अंघोळ झाली की आबा करदोड्याला बांधलेली चावी सोडतात, स्टुलावर चढतात आणि चाचपून घड्याळाला देतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर. त्यांचा सगळा दिवस टोल्यांवर चालतो. दुपारी आम्ही सगळे बाहेर असलो की घरात बोलणारं तेवढंच एक असतं, असं म्हणतात. आज बघता बघता लक्षात आलं, याचा लंबक आखूड आहे. खोक्यात बरोब्बर बसेल.
फक्त माप घ्यायला काढायचं. लगेच परत.

१८ जुलै
जयवंता आबांना घेऊन विद्यानगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. मशीन काढलं. स्प्रिंग आधी सैल करायची असते, हे मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. एकदम सुटली. देव्हाऱ्यातलं निरांजन पाडून थेट स्वयंपाकघरात. एक दातेरी चाक अजून सापडलेलं नाही. काळजीचं कारण नाही. रिकाम्या घड्याळात अलार्मचं घड्याळ ठेवलं. टिकटिक येते. तात्पुरती व्यवस्था.

१९ जुलै
आबांनी विचारलं, टोले का पडत नाहीत रे? म्हणालो, पडतात की. तुमचे कान दाखवून घ्यायला हवेत.
तोंडातून निघून गेलं.
उद्या खरं काय ते सांगायचं. नक्की.

२० जुलै
ऑफिसात ऑडिट. आज नको.

२३ जुलै, रविवार
आबा स्टूल ओढायला लागले. घाईने म्हणालो, चावी मीच दिली आहे, आता या वयात चढत जाऊ नका. बरं म्हणाले. मुलाला आपली काळजी आहे हे पाहून समाधान वाटलं असणार.

६ ऑगस्ट, रविवार
आजही चावी मीच दिली, म्हणजे दिली असं सांगितलं. जयवंताला सगळं ठाऊक आहे. ती आबांना काही सांगणार नाही. म्हणाली, ते तुमच्याच तोंडून गेलं पाहिजे. मग म्हणाली, काल दुपारी मी लवकर घरी आले, तर ते पेल्यावर चमचा वाजवून कान लावून बसले होते, ऐकू येतंय का बघत होते.
जेवण गेलं नाही. लाज वाटली. कपाटाखाली हात घालून चाक शोधलं. झुरळ निघालं.

१७ ऑगस्ट
हेमंतने क्वार्ट्झ मशीन बसवून दिलं. लंबक नुसता शोभेचा. टोल्यांच्या आधी विलायती धून वाजते. तत्त्वं लवचीक असावीत. सरकारनेसुद्धा बदलली.
आबांना समारंभाआधी सांगायचं. शनिवारी.

१९ ऑगस्ट, शनिवार
लाडू वळायला मदत केली. वेळ मिळाला नाही.

२० ऑगस्ट, रविवार
अंबरपेठेचे पाहुणे आले, अख्खं ऑफिस आलं. औक्षण झालं. आमच्या साहेबांनी टूम काढली, नव्या घड्याळाला पहिली चावी वडिलांच्या हस्ते. टाळ्या. मी काही बोलेपर्यंत आबा उठले, करदोड्याची चावी सोडली आणि खोक्याचं दार उघडून डायल चाचपू लागले. चावीचं भोक असेल तर सापडणार. मागचा सेल त्यांच्या बोटांना लागला. बोटं तिथेच थांबली. मी जमिनीकडे पाहत होतो.
मग आबा लोकांकडे पाठ करून उभे राहिले, हवेतच मनगट फिरवलं आणि मोठ्याने म्हणाले, बसली चावी. छान मशीन आहे. आमच्या हिम्मतने स्वतः केलंय.
पुन्हा टाळ्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली.
पाहुणे गेल्यावर आबांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, रविवारी तू चावी दिलीस म्हणायचास, तेव्हा चावी माझ्याच कमरेला असायची. मी काय बोलणार? मग हळूच विचारलं, माझे कान तरी ठीक आहेत ना रे?
ठीक आहेत, म्हणालो. महिन्याभरात त्यांच्याशी खरं बोललो ते एवढंच.

२१ ऑगस्ट, सोमवार
रजा काढली. सेल काढून टाकला. भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन दुरुस्त होईपर्यंत दर तासाला किती वाजले ते मी स्वतः आबांना जाऊन सांगायचं, असं ठरवलं. नऊचे सांगितले. दहाचे सांगितले. मग पेपर वाचता वाचता जरा डोळा लागला.
आबांनी आतून हाक मारली. म्हणाले, अकरा वाजले रे हिम्मत, काचीगुड्याच्या गाडीची शिट्टी झाली.