सांगेल तेवढंच लिहायचं

९ नोव्हेंबर २०२५

हर्षाली आली. नेहमीसारखी, संध्याकाळच्या चहाला. चपला काढल्या आणि जेवणाच्या टेबलाशी तिच्या खुर्चीवर बसली. समोरची खुर्ची माझ्या बायकोची, लताची; तिथे बसून ती हिला धडे वाचून दाखवायची. लता गेल्यावर ही पोरगी आता यायची नाही, असं मी धरून चाललो होतो.

"बाई नाहीत, माहितीये मला," ती म्हणाली. "पण घरी मला वाचून कोण दाखवणार? आईची सेकंड शिफ्ट असते अंबडच्या कारखान्यात."

चहा दिला. प्यायली आणि गेली.

११ नोव्हेंबर

विज्ञानाचा धडा वाचून दाखवला. माझा आवाज परिपत्रक वाचल्यासारखा. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणते, "काका, मधे एक सांगितलंय आणि शेवटी त्याच्या उलट."

परत वाचलं. खरंच की!

नववीत आहे. स्वतः एक ओळ वाचायची तर घाम फुटतो. अक्षरं जागा बदलतात म्हणते. फळ्यावरचे ६३ वहीत ३६ होतात. पण कानावर पडलं की पक्कं. लता म्हणायची, "या पोरीत दोन गोष्टी एकदम आहेत. लोकांना एका वेळी एकच दिसते."

१७ नोव्हेंबर

हर्षालीची आई आली होती. शाळेने बोलावलं होतं तिला. मुख्याध्यापिका चांगल्या मनानेच म्हणाल्या – अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, सवलत आहे, मग नेहमीचं गणित सोडा आणि सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्या. पोरीचा त्रास वाचेल.

"सोपं घेऊन पास झाली तर बरंच ना, भाऊ? बाई असत्या तर त्यांनाच विचारलं असतं."

हर्षाली दारातूनच म्हणाली, "वाचता येत नाही म्हणून गणित काढून घ्यायचं! पाय दुखतोय म्हणून हात बांधायचा!"

"बघा तोंड हिचं," आई म्हणाली. "पेपरात तोंड चालत नाही, बाई माझे."

आईचं ते वाक्य डोक्यात राहिलं.

१९ नोव्हेंबर

शाळेत गेलो. स्वतःहून! बाकावर बसल्या बसल्या ठरवलेलं सगळं विसरलो. आत गेल्यावर एवढंच म्हणालो, "एकदा लेखनिक देऊन बघा. तिने तोंडाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं."

गणिताचे सर म्हणाले, "उत्तरं बरोबर येतात हो तिची. पण मधल्या पायऱ्याच नसतात. मार्क कशाला देऊ?"

शेवटी ठरलं. डिसेंबरात भूमितीचा एक पेपर. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून आठवीतली मनाली लिहिणार. जमलं तर गणित राहील. नाही तर अंकगणित.

२१ नोव्हेंबर

सराव सुरू. आणि पहिल्याच दिवशी भांडण!

जन्मभर तहसील कचेरीत मसुदे लिहिले. साहेबांनी अर्धं वाक्य बोलायचं, आम्ही ते पूर्ण करून सहीला ठेवायचं. त्याचंच कौतुक व्हायचं. आजही तेच केलं. ती चार शब्द बोलली, मी पुस्तकात बघून चार ओळी घातल्या. तिने वाचायला लावलं.

"हे माझं नाही. पुस्तकाचं आहे. बाई म्हणायच्या, सांगेल तेवढंच लिहायचं!"

हे वाक्य मी वर्तमानपत्र चाळताना आतल्या खोलीतून कितीदा ऐकलं असेल. वाटायचं, लता पोरीला रागावतेय. हिचं लिहून घेताना ती स्वतःलाच बजावत होती.

२६ नोव्हेंबर

आता सांगेल तेवढंच.

"रेघ काढा." काढली. कुठून कुठे, विचारलं नाही.

"अहो काका, अशी नाही!"

"तू सांगितलं नाहीस."

थांबली. मग हसायलाच लागली. "पायरी राहिली माझी."

लता गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं.

१० डिसेंबर

आज जे पाहिलं ते लताला सांगायला हवं होतं.

वेडावाकडा चौकोन. चारी बाजूंचे मध्यबिंदू जोडले की आत समांतरभुज चौकोन होतो – सिद्ध करा. मी वाचून दाखवलं. तिने आकृतीकडे नीट बघितलंही नाही, खिडकीबाहेर बघत होती.

"एक कर्ण काढा. वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात. आता दोन त्रिकोण झाले. डाव्या त्रिकोणातली मध्यबिंदूंची रेघ कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्मी. उजव्यातलीपण तशीच. म्हणजे त्या दोघी एकमेकींना समांतर आणि सारख्या. झालंच की!"

"'झालंच की' लिहू?"

"लिहा!"

लिहिलं. मला भूमिती कधी कळली नव्हती. आज कळली. कुठे पदरचं काही घालावं लागलं नाही.

२२ डिसेंबर

पेपर झाला. बाहेर आल्यावर मनाली म्हणाली, "ताई इतकं नीट सांगते, माझंच बोट दुखलं." हर्षालीच्या आईने शिफ्ट बदलून घेतली होती. फाटकापाशी उभी होती.

२४ डिसेंबर

गणित राहिलं! सर म्हणाले, "ही कसा विचार करते ते मला आज पहिल्यांदा दिसलं." आई रडली. मी लताच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली.

३० डिसेंबर

लताच्या जुन्या शाळेतून फोन. तीन जानेवारीला बालिका दिनाच्या कार्यक्रमात लताबाईंविषयी थोडं बोला. हो म्हणून बसलो. लताच्या शोकसभेत, पुण्यानुमोदनाच्या दिवशीही पुतण्याने, योगेशने, दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. हात जोडले आणि खाली बसलो.

कागद घेतला. "कै." नको, ते आपल्या बौद्धांत नाही. "दिवंगत लता" एवढं लिहिलं. पुढे सगळं मसुद्यासारखं व्हायला लागलं. फाडला.

२ जानेवारी २०२६

हर्षालीने मी फाडलेले कागद पाहिले. माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि लताच्या खुर्चीवर बसली. "काका, तुम्ही सांगा."

सांगत गेलो. तिला लिहिताना घाम फुटत होता, तरी थांबली नाही. मधेच माझं एक वाक्य अर्धंच राहिलं. तिने पेन नुसतं धरून ठेवलं. मनाने एक शब्द घातला नाही.

उद्या तोच कागद वाचणार. काही दुरुस्त करणार नाही.