मेव्हण्याच्या हातातला दोर

उमरठ, १२ जून

चि. विनीत यास हैबतीकाकाचा आशीर्वाद. वि. वि.

भात पेरून झालं, म्हस व्याली. आता कामाचं. फोनवर तू गोड बोलून सुटतोस, म्हणून कागद घेतला. रजा संपवून तू गेलास त्याच दिशी तुझी बायको अंकिता मोडका हात धरून माझ्या दारात आली. म्हणते, विहिरीवर पाय घसरला. घसरलेल्या बाईच्या गळ्यावर बोटं उठत नायत रे. महाडच्या डॉक्टरनं हातात सळी घातलीय.

तिकडं समुद्रात उभ्या त्या कड्यावर तू दोराला लोंबकळून सुटे दगड काढतोस. वर दोर सांभाळतो ऋत्विक, अंकिताचा सख्खा भाऊ. आपल्यात मध काढायला कड्यावरून उतरताना दोर मेव्हण्याच्याच हातात देतात, बहिणीचं कुंकू तो पुसणार नाय म्हणून. त्याच भरवशावर मी त्याला तुझ्याकडं लावून दिला. त्यालाबी आजच सगळं लिवलंय. त्यानं ते वाचायच्या आधी तू तोंडानं सांग.

जेवत जा. माया हाय, पण राग जास्त हाय.
हैबती

काल्पे, स्पेन, ४ जुलै

ती. हैबतीकाकांस विनीतचा शि. सा. न.

जबडा तारेनं बांधलाय, म्हणून फोन नाही. तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. माझं मी फाडलं, ऋत्विकला काही बोललो नाही. त्यानं त्याचं कड्यावर बसून वाचलं, तेव्हा मी शंभर फूट खाली लटकलेलो. त्यानं दोर अडकवून ठेवला. दोन तास वाऱ्यानं मला खडकावर आपटलं, कोपरं सोलली, समुद्रपक्षी डोक्यात चोची मारत होते. खाली लोक वाळूत उताणे पडलेले, कुणी वर बघेना. अंकिताचा कुठला हात मोडलास, एवढंच तो वरून विचारत होता. डावा, असं ओरडलो तेव्हा ओढून घेतलं, आणि वर पोचताच हेल्मेटनं जबडा फोडला.

काका, हा मला मारून टाकील. दुसरीकडं काम बघ, असं त्याला लिहा. अंकिताला म्हणावं, घरातलं घरात राहू दे. दिवाळीला सोन्याच्या बांगड्या आणतो.

माया पातळ करू नका.
विनीत

उमरठ, २५ जुलै

चि. विनीत यास आशीर्वाद, थोडा.

तुझं पत्र अंकितानंच वाचून दाखवलं. हात मोडल्याच्या ओळीपाशी थांबली, मग परत पहिल्यापासून वाचलं. ऋत्विकला मी कायबी लिवणार नाय. त्यानं तुला वर तरी घेतला, मी नसता घेतला.

डावा हात तू मोडलास हे आता तुझ्याच अक्षरात हाय. ते घेऊन आम्ही दोघं पोलादपूरला पोलिसांत गेलो. विहिरीचं खोटं होतं, असं तिनं उभ्यानं सांगितलं. हवालदारानं पत्र ठेवून घेतलं.

बांगड्या आणू नको. दिवाळीला मात्र ये. वीर स्टेशनला उतरलास की रिक्षा करू नको, पोलिसांची गाडी येईल. मी पुढं बसलेला असंन.

लोभ मागायचा तर अंकिताकडं माग.
हैबती